खोबरेल तेल आणि इंझोरीचा उतार

जऊळका

निघण्यापूर्वी चिपळुणात जो भेटला त्याने एकच विचारलं, "वाशीमला काय आहे?" मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, कारण मलाही ठाऊक नव्हतं. खरं कारण एवढंच, की माझ्या बायकोची, सुमतीची, एक मैत्रीण कारंजा लाडला राहते. प्रतिभाताई. दोघी कधीकाळी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात एका खोलीत राहिल्या आणि तेव्हापासून दर रविवारी फोनवर बोलतात. "या एकदा," असं प्रतिभाताई दर रविवारी म्हणत. यंदा डिसेंबरात सुमती म्हणाली, "जाऊ या. पण सायकलने."

अख्खा प्रवास सायकलने केला असता तर आमच्यापैकी एकजण तरी वाटेत संपला असता. म्हणून अकोल्यापर्यंत मोठी गाडी, तिथून पॅसेंजरने जऊळका, आणि जऊळक्यापासून कारंज्यापर्यंत तीन दिवस रमतगमत सायकल, असा बेत केला.

सुमती निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय एकसष्ट. सायकल शिकली पंचावन्नाव्या वर्षी, आणि दोन वर्षांपूर्वी अंगणातल्या शेवाळावरून घसरून तिने उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघाल्यावर वर्षभर ती टीव्ही बघताना हातात रबरी चेंडू दाबत बसायची. मनगट आता पूर्वीसारखं झालं आहे की नाही, हे तिला या सफरीत बघायचं होतं. तसं ती कधी बोलली नाही, पण मला कळत होतं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. यंत्रांतलं आपल्याला बरंच कळतं असा माझा समज आहे. खात्यात तो तपासून बघायची वेळ कुणावर आली नाही.

रेल्वेसाठी मी दोन्ही सायकलींची पुढची चाकं काढून सगळं जुन्या चादरींत बांधलं होतं. जऊळक्याच्या फलाटावर गाठोडी सोडून चाकं बसवायला घेतली तेव्हा हळूहळू चार माणसं भोवती उकिडवी बसली. पांढरा पटका बांधलेले एक आजोबा म्हणाले, "पंक्चर हाय काय?"

"नाही, गाडीत मावावी म्हणून चाक काढलं होतं."

"काढाचं कायले? आमी तं अशीच घुसवतो."

यावर उरलेल्या तिघांनी माना डोलावल्या. मी घाईघाईने चाकं बसवली, नट आवळले आणि आपण हे रोजच करतो अशा थाटात हात पुसले. सुमती सायकलवर बसली, फलाटाच्या टोकापर्यंत गेली आणि तिने ब्रेक दाबला.

असा आवाज मी आजवर कुठल्या सायकलीचा ऐकला नव्हता. पत्र्यावर खिळा ओढावा तसा, पण लांबलचक. फलाटावरचं एक कुत्रं उठून दूर जाऊन बसलं. आजोबांनी आधी रुळाकडे पाहिलं, मग सुमतीकडे.

"ताई," ते म्हणाले, "हार्न चांगला हाय तुमचा."

सुमतीने माझ्याकडे बघितलं. "घरी वाजत नव्हता."

"हवा बदलली की असं होतं," मी म्हणालो.

शेलूबाजार, मंगरूळपीर

कोकणातून आलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा जाणवतं ते हे, की इथे काही लपलेलं नाही. आमच्याकडे दोन वळणांपलीकडचं दिसत नाही. इथे पुढच्या गावाची पाण्याची टाकी तासभर आधी दिसायला लागते आणि मग तासभर तेवढ्याच अंतरावर राहते. काळी जमीन, डोक्याइतकी वाढलेली तूर, वेचणी चाललेला कापूस, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. उन्हाला चटका नाही आणि सावलीत गेलं की हुडहुडी. चढउतार असे सावकाश, की आपण चढतो आहोत हे फक्त मांड्यांना कळतं.

आणि या सगळ्यातून सुमतीचा ब्रेक ओरडत चालला होता. प्रत्येक गावात आमच्या आधी तो पोचायचा. शेळ्या रस्ता सोडून द्यायच्या. शेलूबाजारला चहाच्या टपरीसमोर ती थांबली तेव्हा कढईपाशी बसलेल्या माणसाने झारा तसाच वर धरून विचारलं, "काय झालं? कोनाले लागलं काय?"

"कोणाला नाही. सायकलचा ब्रेक आहे," मी म्हणालो.

"मंग ते रडून काहून राह्यलं?"

सुमतीला ही भाषा पहिल्याच दिवशी आवडली. मला, तुला, का, कशाला हे सगळं तिने टपरीवरच्या बाकावर टाकून दिलं आणि मले, तुले, काहून, कायले उचललं. "तुमी चहा घेऊन राह्यले का?" असं तिने मला विचारलं तेव्हा टपरीवाल्याने खुशीने तिला भजी जास्त घातली. मी तीच भाषा बोलून बघितली तर त्याने मला विचारलं, "साहेब, मराठी येत नाई काय?"

मंगरूळपीरला खानावळीत ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी मिळाली. त्या दाण्यांना इथे सोले म्हणतात. भाजीवर लाल तेलाचा असा थर, की चमचा घालण्यापूर्वी त्यात स्वतःचा चेहरा दिसावा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. तिसऱ्या घासापासून मात्र मी थांबलो नाही. मी मालकाला विचारलं, "यात ओलं खोबरं घालून बघितलंत कधी?" त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नारळ आमी देवापुढं फोडतो, दादा."

जेवताना मी ब्रेकचा विषय काढला. दुरुस्त करतो म्हणालो.

"राहू द्या," सुमती म्हणाली. "ओरडतो, पण थांबवतो. आपल्या घरात ओरडूनही काही थांबत नाही."

मानोरा

दुसरा मुक्काम मानोऱ्याला पडला. इथे जे घडलं ते सुमतीला त्या वेळी माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठलो. आज कारंज्याला पोचायचं होतं. प्रतिभाताईंचं घर जैन, दिवस मावळण्यापूर्वी जेवून घेणारं. त्यामुळे उन्हं असतानाच पोचायचं, असा फोनवरून हुकूम होता. माझ्या मनात एकच चित्र होतं. आपण कारंज्याच्या बाजारातून जातो आहोत, आणि सगळी बाजारपेठ या किंचाळीने दुकानांबाहेर येऊन बघते आहे. सुमतीला त्याचं काही नव्हतं. मला होतं.

म्हणून मी तिला न सांगता ब्रेक गप्प करायचं ठरवलं. कोकणातल्या घरात बिजागरी कुरकुरली तर खोबरेल, तवा गंजला तर खोबरेल, डोकं दुखलं तर खोबरेल. आमच्या सामानात बाटली होतीच. थंडीने तेल गोठून पांढरं झालं होतं; मी बाटली बगलेत धरून ते विरघळवलं आणि ब्रेकच्या चारही रबरांना, शिवाय चाकांच्या दोन्ही कडांना, जिथे रबर घासतं तिथे, फडक्याने नीट लावलं. मग ब्रेक दाबून चाक फिरवून बघितलं. चूं नाही की चां नाही. मला इतकं बरं वाटलं, की मी स्वतःच्या सायकललाही लावणार होतो. तेवढ्यात सुमतीने चहाला हाक मारली म्हणून राहिलं. त्या हाकेचे उपकार मी अजून मानतो.

गावाबाहेर पडताना एका वळणावर तिने ब्रेक दाबला. आवाज आला नाही. सायकल मात्र तिला हवी त्यापेक्षा चार हात पुढे जाऊन थांबली. "गारठ्याने बोटं आखडलीत," ती म्हणाली आणि हात चोळले. मी ते ऐकलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं होतं, हे मी कबूल करतो. पण आपण केलेली दुरुस्ती चुकली असेल, हा विचार माझ्या डोक्यात पटकन शिरत नाही.

इंझोरीच्या अलीकडे

दहाच्या सुमाराला ऊन चांगलं तापलं. इंझोरीच्या अलीकडे रस्ता एका नाल्याकडे उतरतो. उतार आमच्या घाटांपुढे काहीच नाही, पण लांब आहे आणि खाली अरुंद पूल आहे. पुलावर कापसाने भरलेली बैलगाडी निवांत चालली होती.

मी पुढे होतो. मागून ब्रेकची किंचाळी आली नाही, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला. तेवढ्यात सुमती माझ्या शेजारून निघून गेली.

"अहो, थांबत नाहीये!"

तिचे दोन्ही हात ब्रेकवर होते, मुठी आवळून पांढऱ्या झालेल्या. सायकल वेग घेतच होती. गाडीवाला मागे वळून बघत होता. त्याला बैल कुठे वळवावेत ते कळेना, कारण पुलावर वळवायला जागाच नव्हती. मी "पाय टेकव, पाय टेकव" असं ओरडत होतो. तिने माझं ऐकलं नाही, हे बरं झालं. पुलाच्या थोडं आधी तिने डावीकडे हँडल वळवलं आणि ती सायकलसकट तुरीच्या शेतात शिरली. झाडं मोडल्याचा आवाज झाला.

मी सायकल रस्त्यावर टाकून धावलो. शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका माझ्या आधी पोचल्या. सुमती बसलेली होती. गुडघा फुटला होता, कोपर सोललं होतं, केसांत तुरीच्या शेंगा अडकल्या होत्या. उजवं मनगट तिने छातीशी धरलं होतं. तिने ते हळूहळू फिरवून बघितलं. फिरलं.

"हाड मोडलं नाई," एक बाई म्हणाली. तिचं नाव कौसाबाई. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. तिने पदराने सुमतीचा गुडघा दाबून धरला. "उठू नका, बसा घडीभर. पानी आना गं."

"तुमची तूर मोडली हो," सुमती म्हणाली.

"तुरीचं जाऊ द्या. तुमी कायले घाबरून राह्यल्या?"

सुमती घाबरलेली नव्हती. ती आपल्या तळहातांकडे बघत होती. बोटं उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "होता नव्हता तेवढा जोर लावला मी. दोन्ही हातांनी. काही उपयोग झाला नाही. माझ्या हातांत आता जोर राहिलेला नाही. इथून मी एसटीने जाते."

मी तिथेच सांगायला हवं होतं. खोबरेल तेल, एवढे दोन शब्द. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी पी आधी."

इंझोरी

कौसाबाईंचे यजमान, बाबाराव, गावात सायकली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतात. टिनाची शेड, दाराशी टायरांची माळ, आत तेलाने काळं झालेलं एक लाकडी खोकं. ऐन वयात ते हंगामाला पश्चिमेकडे ऊसतोडीला जात. तिथल्या मुक्कामावर मजुरांच्या सायकली नीट करता करता हा उद्योग शिकले. गुडघे साथ देईनात तेव्हा ऊस सोडला, पाना धरला. हे सगळं कौसाबाईंनी सायकल ढकलता ढकलता सांगितलं. सुमती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. मी माझी सायकल घेऊन मागे.

"सायकल बघायची कशाला?" मी वाटेत एकदा म्हणून पाहिलं. "एसटीच्या टपावर टाकू."

"टपावर टाकाले बी चाक सीधं पाह्यजे," कौसाबाई म्हणाल्या.

बाबारावांनी सायकल उलटी उभी केली. चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, बोट अंगठ्यावर चोळलं, आणि मग नाकापाशी नेलं. बराच वेळ ते बोट नाकापाशीच होतं.

"हे कोनं लावलं?"

"काय?" सुमतीने विचारलं.

"तेल. अन् हे तं डोक्याचं तेल हाय!"

सुमतीने माझ्याकडे बघितलं. कौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. बाबाराव माझ्या डोक्याकडे बघत होते, तिथे तेल लावण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

"मी लावलं," मी म्हणालो. "सकाळी. आवाज जावा म्हणून."

"गेला नं," बाबाराव म्हणाले.

सुमतीने कोपरावरचं फडकं नीट केलं. ती रागावली की आवाज खाली आणते. चाळीस वर्षं वर्ग सांभाळणाऱ्या बाईची ती सवय आहे.

"तेल लावलंत ते सोडा. पडले तेही सोडा," ती म्हणाली. "पण मी शेतात बसून माझे हात बघत होते. तेव्हा तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही मला पाणी पी म्हणालात."

"चुकलो," एवढंच मी म्हणालो. ती उठून कौसाबाईंबरोबर आत घरात गुडघ्याला हळद लावायला गेली.

बाबारावांनी माझ्यापुढे पत्र्याची बादली सरकवली. "घ्या. तुमी खराब केली, तुमीच धुवा."

मग दोन तास मी त्या शेडमध्ये कामाला होतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या सायकलचा ब्रेक ओरडत असेल, तर हे दोन तास मी त्यांच्या वतीनेही काढले असं समजा.

चाकांच्या कडा मी कढत पाण्याने आणि कपडे धुवायच्या पावडरने तीनदा धुतल्या. मी रॉकेल मागितलं तर बाबाराव म्हणाले, "एक तेल काढाले दुसरं तेल कायले?" कोरडं झाल्यावर सुमतीच्या पिशवीतल्या सॅनिटायझरने स्वच्छ फडक्यावर पुसून काढलं. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत.

"ब्रेक म्हंजे घासनं, भाऊ," ते सांगत होते. "घासलं नाई तं थांबन कसं? तुमी त्याचं घासनंच बंद करून टाकलं."

"पण मग आवाज कसा घालवायचा?"

"आवाज घासल्यानं नाई होत. थरथरल्यानं होते." त्यांनी पुढच्या ब्रेकचा, रबर धरणारा दांडा चिमटीत धरून हलवला. तो खुळखुळला. "पाहा. ढिला हाय. रबर चाकाले धरते, सोडते, धरते, सोडते. लय भराभर. तेच तुमाले शिट्टीवानी आयकू येते. हे चाक कोनं बसवलं होतं?"

"मी."

"हाव," ते म्हणाले. जऊळक्याच्या फलाटावरचं सगळं त्यांनी त्या एका शब्दात ओळखलं. चाकही किंचित तिरकं बसलं होतं. त्यामुळे एका बाजूचं रबर आधी टेकत होतं. आम्ही चाक सरळ बसवलं, दांड्याचा स्क्रू आवळला. फार नाही, दांडा खुळखुळता कामा नये, पण हाताने दाबून सोडला की आपोआप मागे आला पाहिजे.

मागची रबरं त्यांनी पॉलिशपेपरवर घासायला लावली, वरची चकाकी जाऊन आतला कोरा काळा भाग दिसेपर्यंत. त्यांत रुतलेले खडीचे आणि धातूचे बारीक कण सुईने एकेक उकरून काढले. पुढच्या रबरांत तेल खोल मुरलं होतं. ती त्यांनी बघताक्षणी फेकून दिली आणि खोक्यातून नवी काढली.

मग खरी नजाकत आली. त्यांनी सुमतीला बाहेर हाक मारली. एका जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा घडी करून रबराच्या मागच्या टोकाखाली ठेवला.

"रबराचं पुढचं टोक आदी टेकलं पाह्यजे, मागचं मंग. चपलेत पाय घालता तं पंजा आदी जाते नं? तसं. सारं रबर एकदम टेकलं की थरथरते. ताई, तुमी ब्रेक दाबून धरा. सोडू नका. साहेब, तुमी पाना धरा."

सुमतीने ब्रेक दाबला. मी नट आवळत गेलो. पाना जड जात होता, दोनदा निसटला. ती तशीच दाबून उभी होती, उजव्या हाताने, माझ्याशी एक शब्द न बोलता. दुसऱ्या बाजूचं झालं, मागच्या चाकाचं झालं. शेवटचा नट आवळल्यावर बाबारावांनी कागद ओढून काढला आणि सहज म्हणाले, "हात मजबूत हाय, ताई, तुमचा. रबर तसूभर बी हाललं नाई."

त्यांना काही माहीत नव्हतं. मनगटाचं नाही, चेंडूचं नाही, शेतात ती काय म्हणाली तेही नाही. सुमतीने हात खाली घेतला आणि क्षणभर तोंड दुसरीकडे फिरवलं. कौसाबाईंनी ते पाहिलं. "चला," त्या म्हणाल्या, "भाकर थंडी होऊन राह्यली."

भाकर, बेसन म्हणजे आपलं पिठलं, अंबाडीची भाजी आणि ठेचा. मी तिसरी भाकर नको म्हणालो तेव्हा कौसाबाईंनी ती माझ्या ताटात ठेवली. सुमती नको म्हणाली तेव्हा ठेवली नाही. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करताना त्याचं तोंड बघतात. इथे बहुधा त्याचा अपराध बघतात.

जेवून उठल्यावर सुमती म्हणाली, "मी उतारावर जाऊन बघते."

"मी जातो आधी," मी म्हणालो.

"तुमचे हात बघायचे नाहीत," ती म्हणाली.

बाबारावांनी घाई करू दिली नाही. आधी सायकल हाताने ढकलत नुसता ब्रेक दाबून बघायला लावला. मग शेडसमोरच्या सपाटीवर सावकाश चालवून वीसेक वेळा दाबायला लावला. नवं रबर चाकाला बसायला तेवढं लागतंच, म्हणाले. मग आम्ही सगळे नाल्यावर गेलो. सुमती सायकल ढकलत उतार चढली आणि वर लहानशी दिसायला लागली. मी खाली उभा राहिलो, मोडलेल्या तुरीपाशी. बाबाराव पुलाच्या कठड्यावर बसले.

ती निघाली. निम्म्या उतारापर्यंत तिने वेग वाढू दिला. का दिला ते मला माहीत आहे, पण त्या वेळी मी दोन्ही हात पुढे करून उभा होतो. मग तिने दाबलं. सायकल दबली, संथ झाली, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. अगदी शेवटी रबराने हलकं "सूं" केलं.

"थोडा वाजतो अजून," मी म्हणालो. सवयच आहे.

"जोरात दाबला तं बोलनच तो," बाबाराव म्हणाले. "बिलकुल मुका ब्रेक पाह्यजे तं तो तुमी सकाई केला होता."

तेव्हा सुमती हसली. दिवसभरात पहिल्यांदा. मी मोडलेल्या तुरीचं विचारलं. शेत कौसाबाईंच्या दिराचं निघालं, आणि तो तिथे काठीवर रेलून हे सगळं बघत होता. "ताई, गावात पुन्हा याल तवा रस्त्यानं या," एवढीच त्याची तक्रार होती.

कारंजा लाड

इंझोरीहून कारंज्यापर्यंत सुमती पुढे होती आणि मी मागे. गावाजवळ कापसाच्या गाड्यांची रांग लागली तेव्हा ती प्रत्येक गाडीमागे व्यवस्थित संथ होत होती, आणि कुणीही मान वळवून बघत नव्हतं. एवढ्यासाठी मी काय करून बसलो होतो, हे मला त्या रांगेत पुरतं कळलं.

प्रतिभाताई दारात उभ्याच होत्या. "अगं, काय अवतार हा! आधी जेवून घे, मग सांग. दिवस बुडून राह्यला." डाळभाजी, पोळ्या, तिळाची चटणी. कांदा नाही, लसूण नाही, आणि त्यांच्यावाचून अडलंही नाही. प्रतिभाताईंचे यजमान धान्याचे व्यापारी, मोजकं बोलणारे. सुमतीने त्यांना सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं होतं ती तेलापासून सुरू करेल. तिने सुरुवात केली ती उतारावर पुन्हा गेली तिथून. कुठे दाबलं, किती दाबलं, सायकल कशी दबली. मग बाबाराव, कौसाबाई, तूर. तेल अगदी शेवटी आलं, आणि तेही प्रतिभाताईंनी विचारलं म्हणून.

यजमानांनी हात धुतले आणि मला गंभीरपणे विचारलं, "गोठलेलं होतं की पातळ?"

"बगलेत धरून पातळ केलं," मी म्हणालो. ते उठून आत गेले. बराच वेळ त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

दोन दिवस आम्ही कारंज्यात काढले. जुन्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम बघितलं, बाजारात ज्वारीचे ढीग बघितले, आणि जिथे जाऊ तिथे प्रतिभाताई "हे आमचे खोबरेलवाले जावई" अशी माझी ओळख करून देत होत्या. सुमतीने एकदाही त्यांना अडवलं नाही. माझ्याशी मात्र ती पूर्वीसारखं बोलू लागली. तुम्ही मोजे घातलेत का, चष्मा कुठे ठेवलात, असलं. मला ते पुरे होतं.

तिसऱ्या सकाळी परत निघायचं होतं. ठरलं होतं एसटीने. मी अंगणात आलो तर सुमती पायरीवर बसलेली, शेजारी यजमानांच्या दुकानातून आणलेला पाना, हात काळे, आणि पुढ्यात माझी सायकल उलटी उभी.

"एसटीने जायचंय ना?" मी म्हणालो.

"तुम्ही जा. मी इंझोरीवरून जाणार आहे. कौसाबाईंनी जेवायला बोलावलंय."

"मग माझी सायकल कशाला काढलीस? माझा ब्रेक वाजत नाही."

"न वाजणाऱ्या ब्रेकवर माझा आता विश्वास नाही," ती म्हणाली आणि माझ्या मागच्या ब्रेकचा दांडा चिमटीत धरून हलवला. तो चांगला बोटभर हलला. "या इकडे. चाक धरा."

मी चाक धरलं.